आंबोळीची ओढ

गणपतरावांनी ताट समोर ठेवलं आणि डॉ. मुकुंद खांबेट्यांनी कपाळावर हात मारला. परत आंबोळी! परत काळ्या वाटाण्याची उसळ!

"अहो गणपतराव, काल हेच, परवा हेच. तुमच्या स्वयंपाकघरात दुसरं काही शिजतं की नाही?"

"मी काय करू साहेब? टेबल सांगतं ते आणतो." गणपतराव शेलार तीस वर्षं हॉटेलात वाढत होते, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या चिडण्याचं त्यांना काही वाटत नसे. "आणि टेबल तुमचंच की. तुम्हीच बनवलंत."

टेबल खांबेट्यांचंच होतं. पुण्यातल्या 'तृप्ती' उपाहारगृहांच्या एकशे चाळीस शाखांमध्ये मेनूकार्ड नावाची वस्तू उरली नव्हती, ती खांबेट्यांमुळेच. गिऱ्हाइकानं दमूनभागून येऊन बसायचं. वाढपी पाण्याचा पेला आणून ठेवायचा. बसल्या बसल्या पाणी पिणं ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, आणि सगळी खुबी त्या सवयीत होती. पेल्याच्या काठावर डोळ्यांना न दिसणारा एक संवेदक पापुद्रा होता. ओठ टेकले की दोन थेंब लाळ त्याला पुरायची. त्या लाळेतली रसायनं वाचून टेबल दीड मिनिटात तुमचा क्षुधालेख तयार करायचं, म्हणजे आज या देहाला नेमकी कशाची ओढ आहे त्याची यादी. ज्या पदार्थाचा ओढांक सगळ्यांत वर, तो तुमच्या पुढ्यात. खांबेट्यांनी या यंत्राचं नाव ठेवलं होतं लाळवाचक. जाहिरातवाल्यांना ते ऐकून शिसारी आली. त्यांनी 'जाणतं टेबल' असं केलं, आणि लोक नुसतं टेबल म्हणू लागले.

लोक खूश होते. खूश कसले, सुटले होते! दिवसभर शंभर ठिकाणी शंभर गोष्टी ठरवायच्या, आणि संध्याकाळी कुणीतरी तोंड वर करून "काय मागवायचं?" असं विचारलं की माणसाला रडूच यायचं. एकाला पंजाबी नको, दुसऱ्याला इडली नको, तिसरा म्हणतो मला काहीही चालेल आणि त्याला काहीच चालत नाही. खांबेट्यांनी तो प्रश्नच मुळासकट उपटून टाकला. आता चौघं चार बाजूंना बसायची, पाणी प्यायची, ताटं यायची, चौघं आपापल्या ताटात बघून जेवायची आणि उठायची. प्रत्येकाला हवं तेच मिळालेलं, मग दुसऱ्याच्या ताटाकडे बघणार कोण?

विरोध केला होता एकाच व्यक्तीनं, आणि ती त्यांच्याच घरात होती.

"मग आम्ही बोलायचं काय?" कुमुदनं विचारलं होतं.

कुमुद कुडाळची. हॉटेलातल्या पेल्याला तिनं उभ्या जन्मात ओठ लावला नाही. मान मागे करायची, पेला चार बोटं वर धरायचा आणि पाण्याची धार थेट घशात सोडायची. थेंब इकडचा तिकडे होत नसे. त्यामुळे टेबल काय करणार बिचारं? टेबलावरचा दिवा लागायचा नाही, 'नमुना नाही' अशी अक्षरं यायची. अशा वेळी वाढप्यानं जुन्या पद्धतीनं विचारावं असा नियम होता. मग गणपतराव विचारायचे, "काय घेणार, वहिनी?" आणि कुमुद म्हणायची, "काय काय आहे?" सगळं तोंडपाठ असलेली बाई पाव तास ऐकून घ्यायची, दोनदा मत बदलायची आणि शेवटी आंबोळीच मागवायची.

इथेही थांबायची नाही. खांबेट्यांच्या मसाला डोशातली बटाट्याची भाजी न विचारता काढून घ्यायची. आपल्या आंबोळीचा तुकडा अर्धा चावून उरलेला त्यांच्या ताटात टाकायची. "एक तुकडा तरी खा."

"उष्टं आहे ते. हॉटेलचा पेला तुला चालत नाही, आणि मी तुझं उष्टं खाऊ?"

"मी काय हॉटेल आहे का हो?"

तेहतीस वर्षं हे चाललं होतं. दीड वर्षापूर्वी चार दिवसांच्या तापात कुमुद गेली. तेव्हापासून घरातली शेगडी पेटली नव्हती. खांबेटे रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून परस्पर 'तृप्ती'त यायचे, पाणी प्यायचे आणि टेबल त्यांच्यापुढे आंबोळी ठेवायचं. त्यांना, ज्यांनी जन्मभर काळ्या वाटाण्याला नाकं मुरडली होती!

यंत्रात बिघाड आहे, एवढंच त्यांना वाटायचं. तो शोधायचा त्यांना कंटाळा होता. आजकाल सगळ्याचाच कंटाळा होता. वैतागत, पुटपुटत त्यांनी जेवायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळानं पाहिलं तर उसळीची वाटी पुसून स्वच्छ झाली होती. हेही रोजचंच होतं.

*

"सर, बिघाड नाहीये," डॉ. रुबिना मुजावर म्हणाली.

रुबिना मिरजेची, जंतुशास्त्रातली. कंपनीनं तिला तक्रारी तपासायला नेमलं होतं. तिच्यासमोर पडद्यावर चारशे बारा नावं होती. सगळ्यांची तक्रार एकच, टेबल मला न आवडणारा पदार्थ आणतं.

"या चारशे बारा लोकांत सारखं काय आहे सांगा. वय नाही, जात नाही, गाव नाही. सगळी एकटी आहेत. कुणाची बायको गेली, कुणाचा नवरा गेला, कुणाचं मोडलं. आणि टेबल आणतं तो पदार्थ प्रत्येकाच्या जोडीदाराचा आवडता होता. मी फोन करून विचारलं. दोन बाया रडायला लागल्या, फोन ठेवावा लागला."

खांबेटे खुर्चीत नीट बसले. "हे कसं शक्य आहे? लाळवाचकाला जोडीदार माहीत नसतो. तो फक्त समोरच्या माणसाची लाळ वाचतो."

"बरोबर. पण लाळेतली ती रसायनं बनवतं कोण? आपण समजलो, माणूस. सर, त्यातली निम्मी तरी आतड्यातले जंतू बनवतात. ती रक्तात उतरतात, रक्तातून लाळेत येतात. जंतूंना जे अन्न लागतं त्याची मागणी ते वर पाठवतात, आणि आपल्याला वाटतं, मला आज अमुक खावंसं वाटतंय. आपलं यंत्र माणसाची ओढ मोजतच नाही. त्याच्या आतल्या बिऱ्हाडकरूंची ओढ मोजतं."

"आणि ते बिऱ्हाडकरू जोडीदाराकडून येतात?"

"एका ताटातून येतात. एका घरात राहून पुरत नाही, मी तेही तपासलं. एकाच घरात राहून वेगवेगळं जेवणारी जोडपी आहेत, त्यांचे क्षुधालेख परक्यांसारखे आहेत. पण जी एकमेकांचं उष्टं खातात, त्यांचे दहा-पंधरा वर्षांत जुळत जातात. तुम्ही कुमुदवहिनींचं उष्टं खात होतात?"

खांबेट्यांनी होकारार्थी मान हलवली. कुरकुरत का होईना, खात होते. मग त्यांना एक शंका आली आणि शास्त्रज्ञ म्हणून ती विचारल्याशिवाय राहवेना. "मग ती होती तेव्हा टेबल मला मसाला डोसाच आणायचं, ते का?"

"तेव्हा घरी काय शिजायचं?"

"तेच. उसळी, नाचणी, आंबोळ्या. दोन्ही वेळा."

"मग झालं की! पोट भरलेला कशाला ओरडेल? वहिनी गेल्या, घरचं बंद झालं, आणि हे उपाशी पडले. रात्रीच्या एका वाटीनं त्यांचं काय होतंय? म्हणून रोज ओरडतात." रुबिनानं पडदा बंद केला. तिचा आवाज एकदम खाली आला. "माणूस जातं, सर. ते राहतात."

दीड वर्ष ज्याला खांबेटे बिघाड म्हणत होते, ती कुमुद होती. म्हणजे कुमुद नव्हे, तिच्या पोटातून त्यांच्या पोटात आलेलं काहीतरी, पण जिवंत, आणि रोज संध्याकाळी न चुकता जेवायला मागणारं. त्या दिवशी आंबोळी आली तेव्हा ते गणपतरावांना एका शब्दानं बोलले नाहीत. वर आणखी एक वाटी उसळ मागवली. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं.

*

हे सुख दोन महिने टिकलं. मग दाढ दुखायला लागली.

दातांचे डॉक्टर म्हणाले, मुळाशी पू झालाय, सात दिवस जोरदार अँटिबायोटिक घ्यावं लागेल. खांबेट्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि औषधाच्या दुकानावरून तसेच पुढे गेले. लवंगेचं तेल लावलं. मिठाच्या गुळण्या केल्या. तिसऱ्या दिवशी गाल टम्म सुजला, अंगात ताप भरला आणि तशा अवस्थेत ते प्रयोगशाळेत आले.

"वेड लागलंय का तुम्हाला?" रुबिना ओरडलीच. "जबड्यातून विष मेंदूपर्यंत जाईल. मराल!"

"त्या गोळ्यांनी ते सगळे मरतील ना?"

खोटं बोलणं रुबिनाला जमत नव्हतं. "बहुतेक. हे जंतू फार नाजूक असतात."

"आधी काढून ठेव. बशीत वाढव. गोठव. तू जंतुशास्त्रातली ना? मग एवढं कर माझ्यासाठी."

"सर, ते जमावानं जगतात. एकट्याला उचलून बशीत ठेवलं की संपतात. गोठवलेले परत रुजत नाहीत, मी चौघांवर करून पाहिलंय. ते फक्त जिवंत माणसाकडून जिवंत माणसाकडे जातात, आणि तेही एका घासानं नाही. रोज, वर्षानुवर्षं."

"म्हणजे मी तिला दुसऱ्यांदा जाऊ देऊ? या वेळी माझ्या हातानं?"

साठीचा माणूस प्रयोगशाळेच्या खुर्चीत बसून सुजलेल्या गालावर हात धरून रडत होता. रुबिनानं पाण्याचा पेला आणला. गोळी तिनं स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवली. "वहिनी असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

कुमुद काय म्हणाली असती ते खांबेट्यांना चांगलंच माहीत होतं. नाटकं बंद करा आणि गोळी घ्या, म्हणाली असती. त्यांनी घेतली.

आठव्या दिवशी ते 'तृप्ती'त गेले. पाणी प्यायले. दिवा लागला. दीड मिनिटाऐवजी टेबलाला चांगली चार मिनिटं लागली. मग गणपतराव ताट घेऊन आले. मऊ भात, वरण, मीठ, लिंबाची फोड. ज्याच्या क्षुधालेखात कशाचीच ओढ सापडत नाही, त्याच्यासाठीचं हे ताट. तापातून उठलेल्यांसाठी ते असावं असं बारा वर्षांपूर्वी खांबेट्यांनीच यंत्राला शिकवलं होतं.

"आंबोळी आणू का साहेब? सांगून आणतो," गणपतराव हळूच म्हणाले.

"नको."

त्यांनी भात कालवला. तीन घास खाल्ले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी रुबिनानं त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता समोर येऊन बसली. "सर, तुमची मुलगी, केतकी, कुठे असते?"

"वाकडला. का?"

"आईचे जंतू मुलाला जन्मतानाच मिळतात. पुढे आईच्या हातचं, आईच्या ताटातलं. तुमच्यात होतं ते सगळं, तुमच्या आधीपासून, तिच्यात असणार."

*

केतकीला फोन करायचा म्हणजे खांबेट्यांना धडकी भरायची. भांडण असं नव्हतं. बोलायचं काय, हा प्रश्न होता. कुमुद होती तोवर दोघंही तिच्याशी बोलायची, आणि त्यातून आपोआप एकमेकांशी बोलणं व्हायचं. ती गेल्यावर बाप-लेक समोरासमोर बसली की दहा मिनिटांत बोलणं संपून जायचं. कुमुद तिला दर आठवड्याला डबा पाठवायची, तोही बंद झाला. त्यांनी दोनदा 'तृप्ती'त बोलावलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली, तिथे नको बाबा, घरीच भेटू. आणि घरी उभ्याउभ्या भेटून गेली. तिला आपला आणि आपल्या टेबलांचा राग आहे, असं खांबेटे धरून चालले होते.

या वेळी ते फोनवर म्हणाले, "एकदाच ये. मला गरज आहे." अशी भाषा त्यांनी आयुष्यात वापरली नव्हती. केतकी म्हणाली, "येते."

रविवारी सकाळी साडेनऊला ती आली. डोळ्यांखाली काळं, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, रविवारीही. बसली. गणपतरावांनी दोन पेले आणून ठेवले. खांबेट्यांनी आपला पेला उचलून ओठ लावला, त्यांच्या बाजूचा दिवा लागला. आता केतकी पिणार, टेबल आंबोळी आणणार आणि आपल्याला कळणार, की ती आहे.

केतकीनं मान मागे केली, पेला चार बोटं वर धरला आणि पाण्याची धार घशात सोडली. थेंब सांडला नाही.

दिवा लागला नाही. नमुना नाही.

"असं काय पितेस? ओठ लावून पी ना."

"नको."

"एकदाच. एक घोट!"

"नको म्हटलं ना बाबा!"

"अगं, पण का?" त्यांचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं आपापल्या ताटातून वर बघायला लागली.

"कारण मला माहितीये काय येणार ते!" केतकीनं पेला आपटला. "आई गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, ऑफिसजवळच्या तुझ्या 'तृप्ती'त. आंबोळी आणि उसळ. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी सगळ्या टीमसमोर ताटावर डोकं ठेवून रडले. मला वाटलं, तुझ्या मशिनला कळलंय आई गेलेली, आणि ते मला छळतंय. तेव्हापासून मी तिच्यासारखं वरून पिते. आणि तुझ्याबरोबर इथे यायला नको म्हणते. तुला काय वाटलं, रागावलेय म्हणून?"

खांबेट्यांना जे धरून ठेवायचं होतं, त्याच्यापासून पोरगी दीड वर्ष पळत होती. आणि ते तिच्या पोटातच होतं.

"मशिनला काही कळत नाही गं. तुझ्या आतड्यातले जंतू—"

"बाबा, जेवताना आतडी नकोत."

पण ऐकून घेतलं तिनं. चारशे बारा तक्रारी, उपाशी बिऱ्हाडकरू, दाढ, गोळ्या, मऊ भात. ऐकता ऐकता तिचा चेहरा सैल होत गेला.

"म्हणजे ती माझ्यात आहे?"

"ती नाही. तिचे आहेत."

"आणि तुझ्यात?"

"माझ्यातले गेले."

तेवढ्यात गणपतराव खांबेट्यांचा मऊ भात घेऊन आले. तो ठेवून केतकीकडे वळले. नियमाप्रमाणे विचारायला हवं होतं. "काय घेणार, ताई?"

केतकीनं डोळे पुसले. जरा सावरून बसली. "काय काय आहे?"

गणपतराव क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि घसा साफ करून सुरुवात केली. इडली, मेदूवडा, उपमा, साबुदाणा खिचडी. खांबेटे म्हणाले, थालीपीठ कसं असतं इथलं? केतकी म्हणाली, तेलकट. गणपतराव म्हणाले, ताई, नवा आचारी आलाय, आता तेलकट नसतं. खांबेटे म्हणाले, मग एक थालीपीठ सांगू या. केतकी म्हणाली, तुला पचायचं नाही, कालपरवा तापातून उठलास. दहा मिनिटं हे चाललं. शेजारच्या टेबलावरची चौघं जेवायचं सोडून ऐकत होती.

"असं करा," केतकी शेवटी म्हणाली. "हा भात न्या. एक मसाला डोसा, एक आंबोळी-उसळ. आणि एक जास्तीची बशी द्या, आम्ही अर्धं-अर्धं करू."

"जास्तीची बशी नको," खांबेटे म्हणाले.

आंबोळी आली, डोसाही आला. केतकीनं न विचारता डोशातली बटाट्याची भाजी ओढून घेतली. मग आंबोळीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि वडिलांच्या ताटाकडे नेला.

"आधी तू चाव. उरलेला मला दे."

"ई! उष्टा?"

"उष्टाच पाहिजे."

मग केतकीनं अर्धा तुकडा चावून घेतला आणि अर्धा त्यांच्या ताटात ठेवला. "एक तुकडा तरी खा," ती म्हणाली.

"हे एकदा खाऊन भागत नाही," खांबेटे म्हणाले. "रुबिना म्हणते, वर्षानुवर्षं खावं लागतं."

"मग येऊ की. दर रविवारी."

त्यांनी तुकडा तोंडात टाकला. काळे वाटाणे त्यांना जन्मभर आवडले नव्हते. मधली दीडदोन वर्षं ते वाट्या पुसत होते, पण ती ओढ त्यांची नव्हती, आणि आता ती उरली नव्हती. वाटाणा दाताखाली तसाच पिठूळ लागला, पूर्वीसारखाच नकोसा. त्यांनी तो नीट चावून गिळला.

"अजून एक दे," ते म्हणाले.